नमुना आणि साक्ष : ल्यूसी लॉइड यांच्या वह्या

१९११ साली लंडनच्या जॉर्ज ॲलन या प्रकाशनसंस्थेने ‘स्पेसिमेन्स ऑफ बुशमन फोकलोअर’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथावर दोन नावे आहेत : डब्ल्यू. एच. आय. ब्लेक आणि एल. सी. लॉइड. पैकी डॉ. विल्हेल्म ब्लेक हे १८७५ मध्येच, म्हणजे प्रकाशनाच्या छत्तीस वर्षे आधी, केपटाउनजवळ निवर्तले होते. ग्रंथ सिद्धीस नेला तो त्यांच्या मेहुणीने, ल्यूसी कॅथरिन लॉइड यांनी. त्यावेळी त्यांचे वय शहात्तर वर्षांचे होते. पुस्तक उघडले की एका पानावर खाम भाषेतील मूळ कथन आणि समोरच्या पानावर त्याचे शब्दशः इंग्रजी, अशी मांडणी दिसते. अशा ग्रंथाला वाचक थोडेच लाभायचे. ज्या भाषेतील ही कथने आहेत ती आज पृथ्वीच्या पाठीवर कोणी बोलत नाही. तरीही गेली काही वर्षे हे पुस्तक माझ्या मेजावरून हललेले नाही. ते वाचताना मनात उद्भवलेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न शीर्षकापासूनच सुरू होतो. ‘स्पेसिमेन’ म्हणजे नमुना. वनस्पतिशास्त्रज्ञ एखादे पान दाबून, वाळवून, चिठ्ठी लावून ठेवतो तो नमुना. नमुन्याला स्वतःचे नाव नसते. असते ते त्याच्या जातीचे. या ग्रंथातील माणसांना मात्र नावे आहेत, पाणवठे आहेत, बायकामुले आहेत, आणि ती आपली कहाणी सांगत आहेत. मुखपृष्ठ एक बोलते आणि आतील पाने दुसरेच. ही विसंगती या कार्याच्या जन्मापासून त्यात आहे. लॉइडबाईंच्या आयुष्याची चाळीस वर्षे तिच्याशी झगडण्यात गेली, आणि त्या झगड्यात त्यांना मिळालेले यश मोठे असले तरी पुरे नाही, असे माझे मत आहे.

प्रथम भाषेविषयी थोडेसे. दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात कारू नावाचा ओसाड, अल्पवृष्टीचा पठारी मुलूख आहे. शिकार करून आणि कंदमुळे खणून राहणारे खाम लोक तिथले जुने रहिवासी. डच वसाहतवाले त्यांना ‘बुशमन’, म्हणजे झुडपांतली माणसे, म्हणत. आज ‘सान’ हा शब्द अधिक सभ्य समजला जातो, परंतु तोही शेजारच्या खोईखोई लोकांनी दिलेला. त्यांच्या भाषेचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातील टचकारयुक्त व्यंजने. हळहळ व्यक्त करताना आपण जीभ दातांमागून ओढून ‘च्‌-च्‌’ असा आवाज काढतो, आणि मराठीत त्यासाठी ‘चुकचुकणे’ असे क्रियापदही आहे. गाडीवान बैल हाकताना गालातून आणखी एक आवाज काढतो. आपल्याकडे हे आवाज शब्दांच्या उंबऱ्याबाहेर राहतात. खाम भाषेत ते क, ख, ग यांच्यासारखे शब्दाच्या आत नांदतात. ‘खाम’ या नावाचा उच्चारच मुळी चुकचुकण्याच्या ध्वनीने सुरू होतो. ब्लेक यांनी त्यासाठी उभ्या रेघांसारखी चिन्हे वापरली. देवनागरीत तशी अक्षरे नाहीत, म्हणून या लेखातील नावे मी त्या ध्वनीवाचून लिहीत आहे. काब्बो, दियाक्वाइन, हानकासो : प्रत्येक नावाचा एकेक अवयव गळाला आहे, हे वाचकांनी ध्यानात असू द्यावे.

ब्लेक यांचा जन्म १८२७ चा, बर्लिनचा. वडील फ्रीडरिख ब्लेक हे बॉन विद्यापीठातील बायबलचे गाढे अभ्यासक. सेमिनरीत जुन्या कराराचा अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे नाव तळटीपांतून ओझरते भेटलेले असते. मुलाने बॉन येथेच १८५१ साली डॉक्टरेट मिळवली आणि १८५५ मध्ये अँग्लिकन बिशप कोलेन्सो यांच्यासमवेत तो झुलू भाषेचे व्याकरण रचण्यासाठी नाताळ वसाहतीत आला. या कोलेन्सोंची एक हकिकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. जलप्रलयाच्या कथेचे झुलू भाषांतर चालू असताना त्यांचा झुलू साहाय्यक विल्यम एनगिदी याने विचारले, हे सारे खरे आहे काय? उष्ण देशांतले आणि थंड देशांतले सारे प्राणी त्या तारवात जोडीजोडीने आले, आणि नोहाने त्या सर्वांचा चारापाणी गोळा केला? बिशप उत्तर देताना अडखळले, आणि १८६२ पासून त्यांनी मोशेच्या पाच पुस्तकांवर जे लिहिले त्यामुळे त्यांच्या चर्चमध्ये वादळ उठले. कोलेन्सो यांचे निष्कर्ष आपल्याला मान्य होण्याजोगे नाहीत. परंतु समोर बसलेला आफ्रिकन माणूस हा केवळ शब्द पुरवणारा नसून प्रश्न विचारणाराही आहे, हे त्यांनी मान्य केले. ब्लेक आणि लॉइड ही दोन्ही कुटुंबे त्या काळच्या नाताळातून आलेली आहेत, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

ब्लेक पुढे केपटाउनला सर जॉर्ज ग्रे यांच्या ग्रंथसंग्रहाचे पालक झाले. आफ्रिकेतील एका प्रचंड भाषाकुलाला ‘बांटू’ हे नाव त्यांनीच रूढ केले, आणि १८६२ व १८६९ मध्ये दोन भागांत त्यांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यांची विद्वत्ता निर्विवाद आहे. परंतु खाम भाषेकडे ते वळले ते तिच्यावरील प्रेमाने नव्हे, एका सिद्धान्ताच्या ओढीने. त्यांचे मावस नात्यातील बंधू म्हणजे डार्विनमताचे जर्मन प्रचारक अर्न्स्ट हेकेल. भाषेच्या उगमावरील ब्लेक यांच्या पुस्तिकेला १८६८ मध्ये प्रस्तावना त्यांनीच लिहिली. मानवी भाषेची अगदी आरंभीची पायरी बुशमनांच्या तोंडी शिल्लक असावी, अशी ब्लेक यांची अपेक्षा होती. त्यांचे दुसरेही एक मत होते. ज्या भाषेच्या व्याकरणात स्त्री-पुरुष असा लिंगभेद आहे, तिच्या भाषकांनाच सूर्य-चंद्रांना व्यक्तिरूप देण्याची प्रतिभा लाभते; इतरांना नाही.

या मताचे काय झाले ते ग्रंथातच पाहावे. खाम भाषेच्या व्याकरणात तसा लिंगभेद नाही. आणि तिच्यातला सूर्य हा काखेत उजेड असलेला एक म्हातारा आहे. तो हात खाली करून निजला की जगावर अंधार. मग एका वृद्धेच्या सांगण्यावरून मुले त्या निजलेल्या म्हाताऱ्याला उचलून आकाशात भिरकावतात. एक मुलगी चुलीतली राख वर उधळते आणि आकाशगंगा होते. तीन-तीन लिंगे बाळगणाऱ्या आपल्या मराठीला हेवा वाटावा अशी ही कल्पनाशक्ती. सिद्धान्त कोसळला, कथा उरल्या. विद्वानाच्या हातून असे घडावे यात नवल नाही. नवल आहे ते एवढेच की कथा लिहून घेताना सिद्धान्ताचा हात त्यांना लागू दिला गेला नाही. याचे मोठे श्रेय, माझ्या मते, ज्यांच्यापाशी सिद्धान्तच नव्हता त्या लॉइडबाईंचे आहे.

खाम माणसे केपटाउनला आली ती बेड्या घालून. १८७० मध्ये बंदराच्या धक्क्यावरील ब्रेकवॉटर तुरुंगात अठ्ठावीस खाम कैदी असल्याचे ब्लेक यांना कळले. बहुतेकांचा गुन्हा मेंढ्या-गुरे चोरल्याचा. या चोरीमागे एक मोठी चोरी होती. मेंढपाळ वसाहतवाल्यांनी पाणवठे बळकावले होते, हरणांचे कळप नाहीसे होत चालले होते, आणि माणसांचीही शिकार चालली होती. लुई अँथिंग या दंडाधिकाऱ्याने १८६३ मध्ये केपच्या संसदेपुढे या हत्यांविषयी लेखी अहवाल ठेवलेला आहे. ब्लेक यांनी गव्हर्नरची परवानगी मिळवून काही कैदी मोब्रे उपनगरातील आपल्या घरी ठेवून घेतले. प्रथम आकुंता नावाचा तरुण आला. १८७१ मध्ये काब्बो आला; वयाने प्रौढ, स्वभावाने गंभीर. त्याच्या नावाचा अर्थ ‘स्वप्न’.

ल्यूसी लॉइड यांचा जन्म १८३४ चा, इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरचा. वडील अँग्लिकन धर्मगुरू. १८४९ मध्ये ते कुटुंबासह नाताळात आले. बहीण जेमायमा हिचा ब्लेक यांच्याशी १८६२ मध्ये विवाह झाला आणि पुढे ल्यूसीही त्या घरी राहू लागल्या. विद्यापीठाचे शिक्षण नाही, पदवी नाही. होता तो विलक्षण तिखट कान. ब्लेक यांची प्रकृती क्षीण, त्यात ग्रंथालयाचे काम. म्हणून आरंभापासूनच वह्यांचा मोठा वाटा ल्यूसींच्या हातचा आहे. ब्लेक यांनी मृत्युपत्रात त्यांना कार्य पुढे चालवण्याची विनंती केली होती. दियाक्वाइन आणि काब्बोचा जावई हानकासो यांच्यासह त्यांनी ते चालवले. १८७९ मध्ये आजच्या नामिबियाच्या उत्तरेकडून आणलेली दोन मुले, आणि पाठोपाठ आणखी दोन, त्यांच्या घरी आली. नान्नी, ताम्मे, उमा (हा मुलगा, बरे का) आणि दा. त्यांची भाषा खामहून सर्वस्वी निराळी. पंचेचाळिशीतील या बाई पुन्हा पहिल्या शब्दापासून शिकू लागल्या. सर्व वह्यांची पाने मिळून बारा हजारांच्या वर भरतात.

आता वह्यांची रीत पाहू. पानाच्या उजव्या अंगाला मूळ खाम, डाव्या अंगाला इंग्रजी. समोरचे पान मोकळे ठेवलेले. त्यावर मागाहून सुचलेली स्पष्टीकरणे, सांगणाऱ्याने स्वतःहून जोडलेली भर. तारीख. सांगणाऱ्याचे नाव. आणि ज्या गोष्टीपाशी मी पहिल्यांदा थांबलो ती ही : सांगणाऱ्याने ती कथा कोणाकडून ऐकली त्याचे नाव किंवा नाते. ही त्याच्या आईने सांगितली. ही आईला तिच्या आईने.

मोशेच्या पाच पुस्तकांमागे अनेक मौखिक परंपरा आहेत, हे आम्ही सेमिनरीत शिकलो. त्यांना विद्वानांनी रोमन अक्षरे दिली आहेत, कारण नावे उरली नाहीत. याकोबाची कथा प्रथम कोणत्या तंबूत, कोणत्या आजीने, कोणत्या नातवाला सांगितली हे जगाला कधीही कळणार नाही. फ्रीडरिख ब्लेक यांच्यासारख्यांची आयुष्ये त्या हरवलेल्या आवाजांचा माग काढण्यात गेली. त्यांच्याच मुलाच्या घरी, परसदारी बसलेल्या एका कैद्याच्या कथेखाली मात्र त्याचे नाव आले, त्याच्या आईचा निर्देश आला, दिवस आला. लोककथा गोळा करणाऱ्या त्या काळच्या पुष्कळ संग्राहकांना कथा हवी होती, सांगणारा नको होता. ‘लोक’ या गोड शब्दाखाली माणूस पुसला जाई. लॉइडबाईंच्या वहीत तो पुसलेला नाही. नमुना हा साक्ष होऊ लागतो तो येथे.

दुसरी गोष्ट, कथनाच्या गतीची. बाई प्रस्तावनेत नमूद करतात की काब्बो हा उत्तम कथाकार होता, आणि एक वाक्य लिहून होईपर्यंत तो शांतपणे पाहत थांबे, मग पुढचे सांगे. आपल्या लोकांच्या कथा पुस्तकांतून जगाला कळतील या विचाराने त्याला आनंद होई, असेही त्या लिहितात. टीकाकाराने येथे दोन गोष्टी टिपाव्यात. एक, सांगणाऱ्याला आपण काय करीत आहोत याचे भान होते. त्याच्या तोंडचे शब्द चोरलेले नाहीत. दोन, या गद्याची लय ही लेखणीच्या वेगाने घडलेली लय आहे. शेकोटीभोवती हीच कथा वेगळ्या रीतीने धावली असती. ग्रंथातील छोटी छोटी, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालणारी वाक्ये ही शुद्ध खाम शैली आहे, असे जे समजतात त्यांनी तो थांबून पाहणारा काब्बो डोळ्यांपुढे आणावा. ही शैली दोघांची आहे.

आणि पुनरुक्ती! एकच गोष्ट दोनदा, तीनदा, शब्दांची किंचित उलटापालट करून येते. वाचक प्रथम कंटाळतो. संपादकाला कात्री हाती घेण्याचा मोह होतो. त्या मोहाला मी स्वतः बळी पडलेलो आहे. काही वर्षांपूर्वी वसईतील माझ्या धर्मग्रामातल्या एका वृद्ध आजींकडून मी सामवेदी बोलीतील लग्नगीते लिहून घेतली होती. छापताना परतपरत येणाऱ्या ओळी गाळल्या, मधले उद्गार काढले, सारे सुबक केले. छापील पान त्यांना वाचून दाखवले. त्या कौतुकाने ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, छान आहे फादर, पण हे कुणाचे गाणे? आज त्या हयात नाहीत, आणि गाळलेल्या ओळी मी जपून ठेवल्या नव्हत्या. लॉइडबाईंनी एकही ओळ गाळली नाही. काब्बो विषय सोडून पाणवठ्याकडे वळला तर त्याही वळल्या. कथा महिनाभर रेंगाळली तर त्याही रेंगाळल्या. त्यांचे शास्त्र कोणते म्हणाल, तर हेच.

इंग्रजी भाषांतराविषयी माझे मत इतके निःशंक नाही. धर्मगुरूच्या घरात वाढलेल्या या बाईंच्या कानात जुन्या इंग्रजी बायबलची भाषा घुमत असे. त्यामुळे ससा, मांटिस नावाचा कीटक, सिंह, चंद्र ही सारी पात्रे एकमेकांना जुन्या करारातील सर्वनामांनी संबोधतात. मूळ वाक्यरचनेला चिकटून राहण्याच्या आग्रहापायी इंग्रजी अडखळते, आणि ते अडखळणे मला आवडते. ते प्रामाणिक आहे. परंतु हा बायबली साज प्रामाणिक नाही. मांटिस, म्हणजे काग्गेन, हा निर्माता आहे आणि त्याच वेळी खोडकर, बढाईखोर, मार खाणारा, घरच्या माणसांची बोलणी खाणारा आहे. मेलेल्या हरणाचे सोंग घेऊन तो मुलींच्या वाटेत पडतो. त्या त्याला कापतात, तुकडे वाहून नेऊ लागतात, तो मुंडके बोलू लागते आणि तुकडे जुळून हरीण पळते. या कथेला हशा पाहिजे. बाईंच्या इंग्रजीत ती पठणाच्या सुरात येते. आपल्याकडे बायबलच्या जुन्या मराठी भाषांतरांवर वाढलेल्या लेखकांच्या गद्यातही हा सूर अवेळी डोकावतो; मीही त्यातून सुटलो आहे असे म्हणवत नाही.

तथापि सुराची ही उसनवारी आशयापर्यंत पोहोचत नाही, आणि त्याचा पुरावा म्हणजे दियाक्वाइनने सांगितलेली चंद्र आणि सशाची कथा. सशाची आई मेली आहे आणि तो रडतो आहे. चंद्र सांगतो, रडू नकोस, ती परत येईल, जसा मी मरून परत येतो. ससा मानत नाही. आई खरोखरच मेली, असे तो म्हणतो. चंद्र रागावतो, त्याचा ओठ फाडतो, आणि सशाच्या त्या अविश्वासामुळे सर्व माणसे मेल्यावर कायमची मरू लागतात. पुनरुत्थानावर प्रवचन करणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूचे हात ही कथा वाचताना शिवशिवतील. माझे शिवशिवले. मिशनरी वाङ्मयात अशा जागी ‘अंधारात चाचपडणाऱ्या जातीला लाभलेला सत्याचा अंधुक किरण’ अशा जातीचे भाष्य हमखास आढळते. लॉइडबाई कथेला कसलीही ख्रिस्ती किनार लावत नाहीत. आई मेलेला ससा हा आई मेलेला ससाच राहतो. श्रद्धेचा अभाव म्हणून मी याकडे पाहत नाही. दुसऱ्याच्या शोकावर आपली शिकवण घाईने न ठेवणे हे आम्हा पाळकांना मृताच्या घरी बसून शिकावे लागते, आणि पुष्कळदा आम्ही ते शिकत नाही.

ग्रंथाचे शिखर मात्र कथांत नाही. ते काब्बोच्या आत्मनिवेदनात आहे. आपण कसे पकडले गेलो ते तो सांगतो. बायको, मुलगा, मूल घेतलेली सून असे सारे होते. गाडीला बांधून नेले. रस्त्याच्या कामावर दगड लोटवले, माती वाहविली. शेवटी आगगाडी. एकही विशेषण नाही, एकही शाप नाही. मग घरी परतण्याविषयी तो बोलतो. चंद्र परत फिरण्याची तो वाट पाहत आहे, म्हणजे आपल्या माणसांत बसून त्यांच्या कथा ऐकता येतील. येथल्या लोकांपाशी त्याच्या भाषेतल्या कथा नाहीत. कथा वाऱ्यासारखी दुरून येते असे तो म्हणतो, आणि ती ऐकायला आपल्या ठिकाणी स्वस्थ बसावे लागते. ते ठिकाण म्हणजे त्याचा पाणवठा. तो आजोबांचा होता, मग बापाचा, मग थोरल्या भावाचा, मग त्याचा. कारूच्या जमिनीचे खरेदीखत कोणत्या कचेरीत आहे असे कोणी विचारले, तर मी या पानांकडे बोट दाखवीन.

आणखी एके ठिकाणी तो बुशमनांच्या ‘अक्षरां’विषयी बोलतो. ती त्यांच्या देहात असतात. हरीण येत असले तर माणसाच्या अंगात ठोका पडतो, दूरचा बाप परतत असला तर त्याची जुनी जखम मुलाच्या अंगी जाणवते. समोर बसलेली स्त्री कागदावर अक्षरे काढीत आहे, आणि तिच्याशी बोलणारा हा माणूस तिला सांगत आहे की आम्हालाही लिपी आहे. मौखिक आणि लिखित वाङ्मयाविषयी पुष्कळ जड ग्रंथ मी वाचले. इतके नेमके क्वचितच वाचले.

परंतु येथेच हिशोबाची वही उघडावी लागते. काब्बोची शिक्षा १८७१ मध्येच संपली होती. तो मोब्रेला राहिला तो एका बंदुकीच्या आशेने. म्हाताऱ्या माणसाला हरणामागे धावता येत नाही. बंदूक असली तर त्याला गोऱ्यांच्या दारी जावे लागत नाही, हे त्यानेच सांगितले आहे. ऑक्टोबर १८७३ मध्ये तो घरी परतला आणि १८७६ च्या आरंभी मरण पावला. दोन वर्षे त्याने आपल्या लोकांचे सारे वैभव एका वहीत ओतले आणि त्याला हवी होती फक्त एक बंदूक. लॉइडबाईंच्या मनात त्याच्याविषयी आदर होता, त्यांच्या वर्तनात कणव होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही हा व्यवहार समतोल होता असे मला म्हणता येणार नाही.

ग्रंथाचे मौनही बोचते. सांगणारे कैदी होते हे तो लपवीत नाही. पण त्यांच्या मुलखात काय चालले होते याविषयी तो जवळजवळ काहीच बोलत नाही. दियाक्वाइन हा एका शेतकऱ्याच्या वधाबद्दल शिक्षा भोगलेला माणूस. आपल्या कुटुंबाच्या रक्षणासाठी ते घडले, असे त्याचे म्हणणे. वाचकाला याचा पत्ता लागत नाही. उलट ग्रंथाच्या दारावर बसवले आहेत इतिहासकार थील. त्यांची प्रस्तावना बुशमनांना मानवजातीचा मागे राहिलेला, नष्ट होणारा एक वंश म्हणून सादर करते. ज्यांच्या आवाजासाठी चाळीस वर्षे वेचली त्यांच्या घराचा द्वारपाल असा निवडावा, हे मला न उलगडलेले कोडे आहे. प्रकाशक मिळणे दुर्घट होते, एवढेच त्याचे उत्तर असेल. शिवाय खाम सांगणाऱ्यांत स्त्री जवळपास एकच, ती क्वाइतेन-ता-केन, आणि तीही थोडाच काळ राहिली. तुरुंगातून येणारे पुरुष. म्हणून आजीने सांगितलेली कथा आपल्याला नातवाच्या तोंडून ऐकावी लागते.

बाईंच्या स्वतःच्या वाट्याला आलेले थोडक्यात सांगतो. ब्लेक यांच्यानंतर ग्रंथालयाचे काम त्यांनी कमी पगारावर सांभाळले. १८८० मध्ये त्यांना त्या जागेवरून दूर केले गेले. नंतर त्या युरोपात राहिल्या आणि वर्षानुवर्षे प्रकाशक शोधत राहिल्या. १८८९ मध्ये त्यांनी आपल्या संग्रहाचा संक्षिप्त अहवाल प्रसिद्ध केला. ग्रंथ निघाला १९११ मध्ये. १९१३ साली केप ऑफ गुड होप विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. दक्षिण आफ्रिकेत ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या. दरम्यान भाची डोरोथिया ब्लेक १९१० च्या सुमारास कारूत जाऊन आली होती. खाम बोलणारी मोजकीच वृद्ध माणसे तिला भेटली, आणि कथा त्यांच्याही स्मरणातून गेल्या होत्या. तिने रचलेला बुशमन शब्दकोश तिच्या मृत्यूनंतर १९५६ मध्ये बाहेर पडला.

पुढे या वह्यांना मोठे दिवस आले. डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी खडकांवरील प्राचीन चित्रांचा अर्थ त्यांच्या आधारे लावला. १९९७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतिठेव्याच्या सूचीत घेतले. २००० साली दक्षिण आफ्रिकेच्या नव्या राजचिन्हावर खाम भाषेतील बोधवाक्य आले. भिन्न लोकांनी एक व्हावे, असा त्याचा आशय. जे राष्ट्र ते मिरवते त्यात ते वाक्य मातृभाषेसारखे उच्चारणारा एकही नागरिक नाही. कवींनीही वह्या हाताळल्या. स्टीफन वॉटसन यांनी १९९१ मध्ये आणि आन्ची क्रोख यांनी २००४ मध्ये या कथनांना इंग्रजी कवितांचे रूप दिले, आणि २००६ मध्ये वॉटसन यांनी क्रोख यांच्यावर उसनवारीचा जाहीर आरोप केला. क्रोख यांनी तो फेटाळला. त्या वादात मला रस नाही. क्रोख यांनी पाचही खाम सांगणाऱ्यांची नावे पुस्तकाच्या शीर्षकात घातली, हे मला न्याय्य वाटते. मात्र दोघांच्याही कवितांपेक्षा मला ते लांबलेले, घोळणारे, थांबून पाहणारे गद्य अधिक जवळचे वाटते. ओळी तोडल्या की प्रतिमा उठून दिसतात. काब्बो दिसेनासा होतो.

खामची एक दूरची बहीण, ‘नू’ नावाची भाषा, १९७० च्या दशकात मृत मानली गेली होती. १९९० च्या दशकात एल्सी वालबोई या वृद्ध स्त्रीने आपण ती बोलतो असे जाहीर केले आणि शोध घेता आणखी काही वृद्ध भाषक सापडले. त्यांच्यापैकी १९३३ साली जन्मलेल्या कॅट्रिना इसाउ यांनी अपिंग्टन येथील आपल्या घरी मुलांना ती शिकवायला सुरुवात केली, आणि २०२१ मध्ये नातीच्या मदतीने कासव आणि शहामृग यांच्या कथेचे नू भाषेतील पुस्तक काढले. तेथे वही आणि आवाज दोन्ही एका खोलीत होते. खामच्या बाबतीत तशी खोली उरली नाही. केपटाउन विद्यापीठाने आता सर्व वह्यांची छायाचित्रे सर्वांना पाहण्यासाठी खुली केली आहेत. ती पाहत जाताना एक गोष्ट लक्षात येते. हानकासो वेगाने सांगत असे, आणि १८७९ च्या अखेरीस तो घरी परत गेला. उजव्या अंगाला लॉइडबाईंच्या बारीक अक्षरांत खाम ओळी सलग चाललेल्या आहेत. डाव्या अंगाला, जिथे इंग्रजी यायचे होते, तिथे काही पानांवर कागद कोरा आहे.